आळे उकरून पाहा
(वाचन : लूक 13:6-9)



आमच्या जोयडा तालुक्यात जांभ्याची जमीन आणि मुसळधार पाऊस. रोपवाटिकेतून वाढलेला गुलमोहर आणून आपण अंगणात लावतो. पहिल्या पावसात तो हिरवा दिसतो. पुढे शेंडा वाळू लागतो. मग कोणी म्हणतो पाणी घाला, कोणी म्हणतो खत घाला.

पण निव्वळ पानांवरून रोग कळत नाही. पाणी कमी पडले तरी पाने माना टाकतात, आणि पाणी तुंबून मुळे कुजली तरीही टाकतात. म्हणून जाणता माळी आधी नखाने साल खरवडतो. आत हिरवे असेल तर झाडात जीव आहे. मग तो बुंध्याजवळची माती उकरतो. झाड फार खोल पुरले आहे काय? पिशवीतल्या मुळांचे वेटोळे तसेच राहिले काय? कठीण जांभ्यातला खड्डा हौदासारखा पाणी धरतो काय? शिवाय, मोठे झाड खणून हलवताना पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक मागेच राहतात.

प्रभूच्या दाखल्यातील धनी तीन वर्षे फळ पाहत आला आणि अंजीर तोडावयास सांगू लागला. माळ्याने फळाची अपेक्षा सोडली नाही. पण एक वर्ष मागून घेतले, आणि भोवती खणण्याचे कष्ट स्वतःकडे घेतले.

स्थलांतर म्हणजे काय हे या तालुक्याला ठाऊक आहे. काळी नदीवरील धरणात जुने सुपा गाव बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, कित्येक कुटुंबे रामनगरास वसली. माणूस एका दिवसात हलतो. शेजार आणि ओळखपाळख मागेच राहते. आजही नोकरीमुळे किंवा लग्न होऊन कोणी नवे आपल्या मंडळीत येते. दोन रविवार ते दिसले नाही, किंवा त्यांच्या मुलाला वचन पाठ म्हणता आले नाही, की आपण विश्वास कमी म्हणून मोकळे होतो. मूल कन्नड शाळेतले असेल, मराठी अक्षर त्याला वाचताच येत नसेल, हे कोणी विचारले काय? अशा मुलाला वरून आणखी उपदेश करणे म्हणजे तुंबलेल्या आळ्यात घागर ओतणेच होय.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, या महिन्यात गैरहजर मुलांपैकी एकाच्या घरी जा. हजेरीपट घरीच ठेवा. कोठून आलात, मागे कोण राहिले, एवढेच विचारा आणि ऐकून घ्या. फळ देणे देवाच्या हाती आहे. भोवती खणण्याचे काम मात्र त्याने आपल्यावर सोपविले आहे.