अडीच किलोचं बाळ

बाळ तीन दिवसांचं होतं. आशाताईंनी पिशवीतून लटकता काटा काढला, झोळी अडकवली, काटा शून्यावर आहे ना ते पाहिलं आणि बाळाच्या आजीला म्हणाल्या, "मावशी, पंखा बंद करा हो जरा, झोळी हलतेय." बाळ रडलं, मग गप्प झालं. काटा स्थिर होईपर्यंत त्या थांबल्या. 2 किलो 280 ग्रॅम. दवाखान्याच्या कार्डावर जन्माचं वजन लिहिलं होतं 2.5.

आशाताई त्या कार्डाकडे बघतच राहिल्या. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच. पण अडीचवरून उतरलं असेल तर 220 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के. दूध पोटात जातंय की नाही हे पाहायला हवं. आणि मुळात ते 2.4 भरलं असेल, कुणी घाईत 2.5 लिहिलं असेल, तर घट पाच टक्क्यांची, चारचौघांसारखी. पण मग हे बाळ कमी वजनाचं ठरतं, आणि अशा बाळांवर जे जादा लक्ष ठेवायचं असतं, ते याच्या वाट्याला आलेलंच नाही.

जन्मवजनाच्या नोंदींचा आलेख काढला की अडीच किलोवर सुळका उभा राहतो. अडीचच्या खाली 'कमी वजन', म्हणून हा आकडा सोयीचा. रक्तदाबाच्या रकान्यात 120/80 असाच पुन्हापुन्हा येतो. लिहिणाऱ्यांना खोटारडं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ॲपमध्ये रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, एंट्री अपुरी राहिली की विचारणा होते, काटा बिघडलाय का हे मात्र कुणी विचारत नाही. 'मोजलं नाही' असं लिहायला जागाच नसेल, तर माणूस कमीत कमी प्रश्न उठवणारा आकडा लिहितो.

आता याच नोंदींवर कृत्रिम बुद्धिमत्ता शिकणार आहे. गाळलेल्या जागा अंदाजानं भरणं तिला उत्तम जमतं, आणि मला धास्ती नेमकी त्याचीच आहे. पडद्यावर मोजलेलं वजन आणि भरलेला अंदाज सारखेच दिसतात. नवजात बाळाच्या मोबाइलवरच्या चित्रफितीवरून वजन सांगणारं साधन घडवण्याचं काम मुंबईच्या वाधवानी एआयनं हाती घेतलं. जिथे काटाच पोचत नाही तिथे अशा साधनाचं मोल मोठं आहे. पण तेही शिकणार कुणीतरी प्रामाणिकपणे केलेल्या वजनांवरच. अडीचच्या सुळक्यावर शिकलं तर अडीचच सांगेल.

खरा आकडा मिळवायचा कसा, हे आपल्याच मातीत फार पूर्वी सिद्ध झालं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं आधी बालमृत्यू मोजले, मग उपचार गावात नेले. गावात जन्ममृत्यूची नोंद एकानं ठेवायची आणि सहा महिन्यांनी घरोघर जाऊन दुसऱ्यानं पडताळायची, अशी पद्धत. अशा मोजणीच्या बळावर घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन मृत्यू रोखता येतात हे 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये जगाला दाखवता आलं. तिसऱ्या दिवशी काटा घेऊन दारात आलेल्या आशाताई त्याच कामाच्या वारस आहेत.

सर्पदंशाचंही तसंच. भारतात 2005 साली सापानं सुमारे 46 हजार माणसं गेली, असा अंदाज 'मिलियन डेथ स्टडी'नं 2011 मध्ये मांडला. रुग्णालयांकडून सरकारला कळवलेल्या आकड्याच्या तो तीसपटीहून अधिक होता. मोजणी साधी होती: पाहणी करणारा घरी जायचा, माणूस कसा गेला ते घरच्यांच्या तोंडून ऐकून त्यांच्याच भाषेत अर्धं पानभर लिहायचा आणि दोन डॉक्टर ते एकमेकांना न विचारता वाचून कारण ठरवायचे. देशात 2020 साली नोंदवलेल्या मृत्यूंपैकी 22.5 टक्के मृत्यूंचंच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्या घरांत जाऊन ते अर्धं पान कुणी लिहून घेतलं, तर काय काय कळेल!

कृत्रिम बुद्धिमत्तेला मी पडताळणाऱ्या त्या दुसऱ्या डोळ्याची जागा देईन. एका केंद्रात महिनाभर प्रत्येक बाळ अडीचचंच कसं, हे तिनं टिपावं आणि तिथे आधी नवा काटा पाठवला जावा. कारणे दाखवा नोटीस गेली, तर पुढच्या महिन्यात बाळं 2.6 आणि 2.7 ची होतील, एवढंच. रिकामा रकाना तिनं रिकामाच दाखवावा. मराठीत, गोंडीत, कोरकूत सांगितलेलं ते अर्धं पान वाचायला तिनं शिकावं.

आणि माणसानं खरं सांगावं असं वाटत असेल, तर सांगितलेलं कुठे जातं हे त्याला कळलंच पाहिजे. आभा या आरोग्य कार्डाच्या 14 आकड्यांमागे आपला क्षयरोग किंवा गर्भपात कुणाला दिसेल, ही शंका असलेली बाई आशाताईंनाही अर्धंच सांगते. 2023 चा विदा संरक्षण कायदा तिच्या उंबरठ्यापर्यंत अजून पोचलेला नाही.

नेमून दिलेल्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. आशाताईंनी आईला जवळ बसवून बाळाला पाजायला लावलं, बाळ नीट ओढतंय का ते पाहिलं, आणि चौथ्या दिवशी काटा घेऊन पुन्हा त्याच दारात उभ्या राहिल्या. त्या फेरीला ॲपमध्ये रकाना नव्हता. वजन त्यांनी आपल्या डायरीत लिहिलं: 2 किलो 310.