शर्यत पूर्ण करणारे



लातूरला समुद्र नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात तर प्यायलाही पाणी नव्हते. मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. अशा गावात पोहण्याच्या शर्यतीवर प्रवचन कशाला, असे कोणी विचारील. पण या शर्यतीत आपल्या धर्मग्रामाला शिकण्यासारखे बरेच आहे.

ट्रायथलॉन म्हणजे एका दमात तीन शर्यती. आधी पोहायचे, मग सायकल चालवायची आणि शेवटी धावायचे. मध्ये विश्रांती नाही. कपडे-बूट बदलायला लागणारा वेळही मोजला जातो. २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अशी एक मोठी शर्यत झाली: समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. नव्याने शिकणाऱ्यांसाठी लहान शर्यतीही असतात. त्यांत ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. भाग घेणारे बहुतेक जण नोकरी, दवाखाना, घरसंसार सांभाळून पहाटे सराव करणारे असतात.

हा खेळ जन्मला तोच मुळी एका क्लबात. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे धावपटूंच्या एका क्लबाने ही शर्यत प्रथम भरवली. आजही पहिली ट्रायथलॉन पुरी करणारे बहुधा एखाद्या गटाबरोबर तयार झालेले असतात. एकट्याने पहाटे साडेचारचा गजर बंद करून झोपणे सोपे असते. तलावावर चार जण आपली वाट पाहत आहेत हे ठाऊक असले, की माणूस उठतो. ॲरिस्टॉटल सांगतो, की माणूस धैर्याची कृत्ये करत करतच धैर्यवान होतो. सद्गुण हा सरावाचा विषय आहे, आणि सराव सोबतीने टिकतो. रविवारची मिस्सा घरी बसून का होत नाही, याचे एक उत्तर इथेही आहे.

या सरावातल्या तीन गोष्टी पाहू या.

पहिली गोष्ट पाण्यातली. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा बांधतात आणि मामा किंवा काका काठावर उभा असतो. तलावात तळाशी रेघ दिसते, कडेला भिंत असते. समुद्रात दोन्ही नसतात. म्हणून क्लबात शिकवतात, की काही हात मारले की डोके वर काढून खूण पाहायची. न पाहता जोरात पोहणारा फक्त लवकर भरकटतो. आपली दिवसभरातली प्रार्थना म्हणजे हे डोके वर काढणे. शिवाय पाण्यात पुढच्याच्या मागोमाग पोहायला परवानगी असते. त्याने कापलेल्या पाण्यामुळे आपले श्रम कमी होतात. आपल्या आजी-आजोबांच्या विश्वासामागे आपण असेच पोहत आलो आहोत.

दुसरी गोष्ट सायकलची. हौशी स्पर्धकांना इथे पुढच्याच्या आडोशाने चालवता येत नाही. ठरलेले अंतर सोडावेच लागते. समोरचा वारा ज्याने त्याने सोसायचा. आजारपण, व्यसन सोडतानाची तडफड, जोडीदाराच्या निधनानंतरचे घर: हा वारा दुसरा कोणी अंगावर घेऊ शकत नाही. पण तो सोसण्याचे बळ सर्वांबरोबर केलेल्या सरावातून आलेले असते.

तिसरी गोष्ट धावण्याची. सायकलवरून उतरल्यावर पाय दगडासारखे जड होतात. नवख्याला वाटते, संपले. सराव केलेल्याला ठाऊक असते, की हा जडपणा हळूहळू ओसरतो. हे त्याला आधी कोणीतरी सांगितलेले असते आणि त्याने ते करूनही पाहिलेले असते.

आता मुख्य मुद्दा. अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिक येथे याच्या दुप्पट अंतराची शर्यत पुरी केली. वेळेची मर्यादा १६ तासांची होती, त्यांना १५ तास १९ मिनिटे लागली. त्यांचा नंबर कितवा आला, हे कोणी विचारत नाही. शर्यत पूर्ण केली, एवढेच सांगितले जाते. वेळेत पोहोचलेल्या शेवटच्या माणसालाही तेच पदक मिळते.

आपले लातूर मात्र नंबरांचे गाव आहे. ‘लातूर पॅटर्न’ने अनेक गरीब घरांतून डॉक्टर घडवले, याचा आनंदच आहे. पण ज्या मुलाला काही गुण कमी पडतात, त्याला आईवडिलांना फोन करायचीही भीती वाटते. खोलीत एकटा बसलेला तो मुलगा स्वतःला शर्यतीतून बाद समजतो. त्याला हे कोणी शिकवले? आपणच ना?

संत पौलाला खेळ ठाऊक होते. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे सामने भरत आणि विजेत्याला पाल्याचा मुकुट मिळे. तिथे बक्षीस एकालाच मिळते, हे तो करिंथकरांना सांगतो. पण तो मुकुट सुकणारा आहे, हेही सांगतो. पुढे आयुष्याच्या शेवटी तिमथ्याला लिहिताना आपण कितवे आलो, याचा उल्लेखही तो करत नाही. शर्यत पूर्ण केली आणि विश्वास राखला, एवढेच तो म्हणतो. आणि जो मुकुट त्याच्यासाठी ठेवला आहे, तो प्रभूच्या येण्याची ओढ असलेल्या सर्वांसाठी आहे, असेही सांगतो.

ट्रायथलॉनमध्येही काहींना शर्यत अर्धवट सोडावी लागते. चांगला क्लब त्यांना हसत नाही. पुढच्या सरावाला पुन्हा बोलावतो. धर्मग्रामाची परीक्षाही हीच आहे. आपल्यातून मागे पडलेला माणूस पुन्हा यायला लाजतो की त्याला मोकळेपणाने येता येते?

म्हणून या आठवड्यात दोन गोष्टी करू या. शिकण्यासाठी घर सोडून लातूरला आलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला जेवायला बोलवा, आणि पहिला प्रश्न गुणांचा विचारू नका. तसेच बरेच दिवस चर्चला न आलेल्या एका शेजाऱ्याच्या घरी जा. का येत नाही असे न विचारता, पुढच्या रविवारी बरोबर जाऊ या, एवढेच म्हणा.

हे प्रभू येशू, क्रूस घेऊन चालताना तूही पडलास आणि पुन्हा उठलास. आम्हांला शेवटपर्यंत चालव आणि वाटेत कोणालाही मागे सोडू देऊ नकोस. आमेन.

आपला धर्मगुरू