शेरा

वाटूरच्या एका निवृत्त पोस्टमनचा नातू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. दिवाळीत गावी आला तो लॅपटॉपवरचं अर्धवट काम घेऊनच. एमआयटीत शिकवण्यासाठी तयार झालेल्या एक्सव्ही6 या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमचा डिस्क ड्रायव्हर त्याला सुधारायचा होता. त्या ड्रायव्हरचा स्वभाव भित्रा. डिस्ककडून शून्याखेरीज दुसरा कुठलाही स्टेटस आला की 'पॅनिक' म्हणत सगळी सिस्टिमच बंद!

पोरानं तोडगा काढला. विनंती फसली की तीच पुन्हा पाठवायची, अगदी होईपर्यंत. मग क्यूएमू या आभासी संगणकात मुद्दाम एक सेक्टर खराब करून चाचणी घेतली. 'कॅट'नं फाइल वाचायला घेतली, ती घेतलीच. मागून 'एलएस' चालवलं, तर तेही त्याच फाइलच्या लॉकपाशी ताटकळलं. पॅनिक नाही, एरर नाही. लॅपटॉपच्या पंख्याची घरघर तेवढी वाढली.

"काय करायलास रे मघापासून?" आबांनी विचारलं.

"डिस्क ऐकंना, आबा. पण मी बी सोडत नसतो."

"का ऐकंना?"

"ते नाही बघितलं."

आबा हसले. "रजिस्टर पत्रं वाटत जन्म गेला माझा. दाराला कुलूप दिसलं तर पुन्हा जायचो. माणूस गावच सोडून गेला असला, तर पाकिटावर तसा शेरा मारून माघारी धाडायचो. त्याच दाराशी बसून राहिलो असतो, तर बाकीचं टपाल कोणी वाटलं असतं? अन् पाठवणाऱ्याला कसं कळलं असतं?"

पोरानं कोड पुन्हा उघडला. शेरा तर डिस्क दर वेळी देतच होती: 1 म्हणजे वाचता-लिहिताना बिघाड, 2 म्हणजे असली विनंती मला करताच येत नाही. 2 आला की तिथंच थांबायचं. 1 आला तर मोजकेच फेरप्रयत्न. लिनक्सचा एससीएसआय डिस्क ड्रायव्हरही एरवी 5 फेरप्रयत्नांचीच मर्यादा पाळतो. खरी मेहनत पुढंच होती. डिस्कवरचा ब्लॉक आणून देणाऱ्या फंक्शनला नकार कळवायची सोयच नव्हती. ते आणि त्याच्यावर विसंबलेली फंक्शनं, सगळी बदलावी लागली.

अखेर पडद्यावर 'रीड एरर' उमटलं, आणि मागचं 'एलएस' फायलींची यादी देऊन मोकळं झालं.

तात्पर्य: कारण न विचारता धरलेली चिकाटी म्हणजे नुसती अडवणूक. जे होणार नाही ते वेळेवर कळवणं, हाही कामाचाच भाग.