गोळीत औषध आधीपासून असते का?

पाताळगंगा नदी धरमतरच्या खाडीला मिळते, त्याआधी तिच्या काठच्या औद्योगिक वसाहतीत सिप्लासारख्या कंपन्यांचे औषधकारखाने लागतात. रायगडच्या या पट्ट्यातला रसायनउद्योग ज्या विद्येवर उभा आहे, तिच्यात एक जुना दार्शनिक प्रश्न दडलेला आहे. टेनोफोविर हा रेणू एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-बी या दोन्ही विषाणूंना रोखतो. पण त्याच्यावरच्या ऋण विद्युतभारामुळे तो आतड्याच्या अस्तरातून जवळपास शिरतच नाही. म्हणून रसायनज्ञ तो भार झाकतात आणि झाकण शरीरातल्या विकरांकडून निघेल अशी योजना करतात. हे प्रोड्रग. मग गोळीत जे आहे ते टेनोफोविरच, की काही वेगळे?

सांख्य दर्शनाचा सत्कार्यवाद सांगतो की कार्य कारणात आधीच असते. तिळात तेल असते म्हणूनच ते घाण्यातून निघते, वाळूतून निघत नाही. न्याय दर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, विचारतात, आधीच असेल तर कर्त्याची खटपट कशाला? अभिव्यक्तीसाठी, असे सांख्यांचे उत्तर. पण मग ती अभिव्यक्ती तरी आधी होती का, हा नैयायिकांचा प्रतिप्रश्न मला बिनतोड वाटतो. प्रोड्रगच्या बाबतीत द्रव्यापुरते सांख्य बरोबर आहेत, प्रकट होण्यापुरते नैयायिक. पुरावा टेनोफोविरच्याच दोन रूपांत आहे. डिसोप्रॉक्सिल रूपाचे झाकण बरेचसे आतड्यात आणि रक्तातच उतरते, त्यामुळे मोकळे झालेले औषध मूत्रपिंडांतून फिरते. रोजची मात्रा ३०० मिलिग्रॅम. अलाफेनामाइड रूप मुख्यतः पेशीच्या आत उघडते. २५ मिलिग्रॅम पुरतात, आणि मूत्रपिंडांना व हाडांना होणारा उपद्रव कमी होतो. शेवटी काम करणारा रेणू दोन्हींत एकच, पण तो कुठे प्रकटतो यावर रुग्णाचे बरेच काही ठरते.

भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३(ड) याच वादात उभे आहे. ज्ञात द्रव्याचे क्षार आणि एस्टर ते मूळ द्रव्यच मानते. परिणामकारकता लक्षणीय वाढल्याचे दाखवले तरच वेगळेपण कबूल करते. २००९ मध्ये डिसोप्रॉक्सिलवरचे पेटंट अर्ज भारतात फेटाळले गेले. रुग्णसंघटनांनी त्यांना विरोध केला होता. यावर आक्षेप असा की झाकण घडवायला वर्षे आणि पैसा लागतो, मक्तेदारी नाकारली तर ते कोण करील? श्रम खरेच आहेत. पण त्या श्रमांचे फळ अभिव्यक्ती हे आहे, द्रव्य नव्हे. म्हणून दावाही तेवढाच असावा, आणि तो रुग्णाच्या शरीरात सिद्ध व्हावा. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: उपद्रव कमी होणे म्हणजे परिणामकारकता वाढणे का? याच कलमावरच्या, नोव्हार्टिस या औषधकंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नुसती जैवउपलब्धता (औषध रक्तात पोहोचण्याचे प्रमाण) वाढल्याचे सांगणे पुरेसे मानले नाही, पण उपद्रव कमी होण्याचा मुद्दा खुला ठेवला. माझ्या मते, जे औषध वर्षानुवर्षे रोज घ्यायचे, त्याच्या बाबतीत मूत्रपिंड वाचणे हा उपचाराचाच भाग आहे. अलाफेनामाइडसारख्या रूपाचा दावा म्हणूनच या कसोटीवर तपासून पाहण्याजोगा ठरतो. डिसोप्रॉक्सिलच्या निकालावरून तो आपोआप निकालात निघत नाही.