चालते, पण का चालते?

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की आमच्या शिरपूरच्या बाजारात रांगोळीच्या रंगीत ढिगांशेजारी पातळशी पुस्तके मांडलेली दिसू लागतात. पानावर एक चित्र आणि त्याखाली एकच ओळ : ‘ठिपके १५ ते ८, मधले.’ ज्याला ही भाषा ठाऊक नाही त्याला यातून काही बोध व्हावयाचा नाही. परंतु घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला तिचा अर्थ बरोबर कळतो. मधोमध पंधरा ठिपक्यांची ओळ घालावयाची. मग तिच्या वर आणि खाली, आधीच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये एकेक ठिपका ठेवीत, प्रत्येक ओळीत एक कमी करीत आठापर्यंत यावयाचे. कोठून आरंभ करावयाचा, काय करावयाचे, किती वेळा करावयाचे आणि केव्हा थांबावयाचे, एवढे सांगितले की झाले. संगणकाला कामाला लावणारे लोक ज्याला प्रोग्रॅम म्हणतात, तो याहून फारसा निराळा नसतो.

पुस्तकावरून प्रोग्रॅम लिहावयास शिकता येते असे म्हटले, की ऐकणारे दोन प्रकारचे चेहरे करतात. काहींना तो चमत्कार वाटतो, काहींना थोतांड. ‘पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकला आहे का?’ असा प्रश्न दुसऱ्या प्रकारचे लोक हमखास विचारतात. त्यांना माझे सांगणे एवढेच, की १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ निघाले, तेव्हापासून मराठी संसारांत किती पुरणपोळ्या पुस्तकावरून झाल्या याची मोजदाद करून पाहावी. सासू गावी, आई त्याहून लांब, आणि ओट्यावर उघडे पुस्तक, अशा स्थितीत कितीतरी मुली सुगरणी झाल्या. फरक आहे तो एकाच शब्दाचा. पाककृतीच्या पुस्तकात ‘चवीप्रमाणे मीठ’ असे लिहून मोकळे होता येते. संगणकाला चव नाही. त्याला मीठ किती, कोणत्या चमच्याने, आणि ते संपलेले असेल तर काय करावयाचे, हे सारे आधी सांगून ठेवावे लागते.

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हा शब्दही आता कुणी वापरीत नाही, दहावी म्हणतात. पण मला तो आवडतो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मुलांची चित्रे गावाबाहेरच्या लोकांनाही पाहता यावीत, एवढ्या साध्या हेतूने चाळिशीनंतर वेबसाइट करावयास शिकू लागलो. गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तापी ओलांडली की अमळनेर; तेथे १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून जन्मलेली विप्रो आज जगाला सॉफ्टवेअर पुरविते. म्हणजे विद्या दाराशी आली आहे. परंतु चाळिशीतल्या मॅट्रिक मास्तराला वर्गात कोण घेणार? तेव्हा पुस्तकेच. एक नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’, पुढे एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टवरची दोन-तीन, सगळी इंग्रजी, आणि शेजारी शब्दकोश. रात्री जेवणे आटोपली की तासभर. घरच्यांना प्रथम वाटले, नवी कादंबरी चालली आहे.

या विद्येचा एक उदारपणा सांगितलाच पाहिजे. टिम बर्नर्स-ली या गृहस्थाने १९८९ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ती सर्वांना विनामोबदला वापरावयास मोकळी करून दिली. शिवाय अशी सोय आहे, की वेबवरचे कोणतेही पान उघडावे, एक कळ दाबावी, आणि ते पान ज्या मजकुरातून उभे राहिले तो समोर पाहावा. विणकराने लुगड्याची घडी उलगडून आतले धागे दाखवावेत तसे. एकलव्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि अंगठ्यापाशी आलो की अवघडतो. येथे अंगठा मागणारा कुणी नाही.

परंतु एकलव्याच्या गोष्टीत मला खरे कोडे वाटते ते निराळेच. मातीचे द्रोणाचार्य त्याचे चुकले की बरोबर, हे सांगत नव्हते. मग सांगत कोण होते? उघडच आहे, बाण लागला की नाही हे लक्ष्यच सांगत होते. गुरू नसला तरी लक्ष्य खोटे बोलत नाही, म्हणून धनुर्विद्या एकट्याने शिकता आली. आता पुस्तकावरून प्रोग्रॅम शिकणाऱ्यापुढे असे लक्ष्य कोणते?

‘संगणक स्वतःच,’ असे उत्तर पुस्तके देतात. ते अर्धेच खरे आहे. जावास्क्रिप्टमध्ये कंस मिटावयाचा राहिला, तर यंत्र तेथेच अडून बसते. हा परीक्षक कडक आहे, पण तो शुद्धलेखन तपासणारा आहे. आणि साध्या पानांच्या बाबतीत तर ब्राउझर हा लाडावणारा आजोबा आहे. एचटीएमएलमधली खूण उघडी राहिली तरी ती आपल्या मनाने मिटवून घेतो आणि पान नीटनेटके दाखवितो. अर्थ चुकला असेल तर दोघेही काही बोलत नाहीत. व्याकरणशुद्ध खोटे वाक्य आणि व्याकरणशुद्ध खरे वाक्य त्यांना सारखेच.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. बारावीनंतर घरच्या परिस्थितीमुळे त्याचे शिक्षण सुटले. दिवसा मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानात काम आणि रात्री माझ्याकडून नेलेली पुस्तके, असा त्याचा क्रम. एका कृषी सेवा केंद्राच्या मालकाने त्याला एक काम सांगितले. बी-बियाणे आणि खते उधारीवर नेणाऱ्या शेतकऱ्यांची यादी संगणकावर हवी होती. ज्याची बाकी मोठी तो वर, लहान तो खाली, म्हणजे कापसाचा पैसा हाती आला की वसुलीचा माणूस कोणाच्या दारी आधी पाठवावयाचा हे एका नजरेत कळावे. पोराने ते केले. काही पुस्तकातून घेतले, काही इकडून तिकडून. चार-पाच आकडे घालून पाहिले, यादी बरोबर लागली. मालक खूश झाला. आणि त्याच रात्री पोरगा माझ्या ओट्यावर येऊन बसला.

“सर,” तो म्हणाला, “हाई चालस, पन काबर चालस ते माले समजत नही.”

चालते आहे, पण का चालते ते मला समजत नाही. अहिराणी न जाणणाऱ्या वाचकासाठी हा अर्थ दिला. पण ‘काबर’ या शब्दातली टोचणी प्रमाण भाषेतल्या ‘का’मध्ये उतरत नाही.

चित्रकलेच्या तासाला हा प्रश्न मला रोज भेटतो. छापील चित्रावर पातळ कागद ठेवून मोर गिरविणारा मुलगा आणि मोर पाहून काढणारा मुलगा, दोघांचे कागद भिंतीवर लावले तर पालक पहिल्याचेच कौतुक करतात. मोराने मान वळविली असे काढ म्हटले, की भेद कळतो. तेव्हा मी पोराला म्हटले, “तुझ्या प्रोग्रॅमची मान वळवून पाहा.”

आता त्याच्या घरी काय झाले ते ऐका. काम सोपवावयाची तारीख उलटली. मालकाचे निरोप येऊ लागले. ठरलेल्या पैशांवर घरातली दिवाळी उभी होती, धाकट्या बहिणीचा फ्रॉक त्यात होता. त्याची आई माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, तुम्हीच सांगा ना त्याला. ज्याचं काम आहे तो म्हणतो चालतंय, मग ह्याच्याच पोटात का दुखतंय?”

मला उत्तर सुचेना, कारण तिचा मुद्दा खोटा नव्हता. जगात आपण किती गोष्टी ‘काबर’ न विचारता वापरतो! ॲस्पिरिन १८९९पासून बाजारात आहे. ती वेदना कशी शमविते याचा उलगडा जॉन व्हेन यांनी केला तो १९७१ साली. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ डॉक्टर ती न कळता देत होते आणि रोगी बरे होत होते. आमच्या आजीला लोणच्यात मीठ कमी पडले तर बुरशी का येते हे ठाऊक नव्हते, आणि तिचे लोणचे दोन वर्षे टिकत असे. बाराव्या दिवशीही पोरगा पुस्तक घेऊन बसलेला पाहून मलादेखील वाटून गेले, की एवढा काटेकोरपणा गरिबाला परवडतो का?

परंतु ॲस्पिरिनच्या पाठीशी लाखो रोग्यांचा अनुभव होता, आणि आजीच्या पाठीशी तिच्या आजीची बरणी होती. पोराच्या पाठीशी चार-पाच आकडे होते. न कळता देणे आणि न तपासता देणे या दोन गोष्टी आपण एकाच पिशवीत टाकतो, तेथे घोटाळा होतो.

तेराव्या दिवशी त्याला सापडले. जावास्क्रिप्टला यादी क्रमाने लाव असे नुसते सांगितले आणि कसा क्रम ते सांगितले नाही, तर ती आकड्यांना आकडे न समजता शब्द समजते आणि शब्दकोशातल्यासारखे लावते. शब्दकोशात ‘अननस’ हा लांब शब्द ‘घर’ या आखूड शब्दाच्या आधी येतो, कारण तेथे लांबी पाहात नाहीत, पहिले अक्षर पाहतात. तसेच येथे. नऊ हजार, पावणेपाच हजार, अडीच हजार, सगळे चार आकडी, म्हणून क्रम बरोबर लागत होता. त्यांत बारा हजारांची बाकी घाला. तिचा पहिला आकडा १, म्हणून ती थेट तळाला जाते. सर्वांत मोठा ऋणको यादीच्या शेवटी, आणि दिवाळीच्या तोंडावर वसुलीचा माणूस अडीच हजारवाल्याच्या दारात! यंत्राने तक्रार केली नसती, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेले नव्हते. शेतकऱ्यानेही केली नसती. आपल्या दारी माणूस आधी का आला, हे प्रोग्रॅमला विचारावयाचे असते हे त्याला कोण सांगणार?

मला यात तथ्य वाटते ते असे. स्वतःपुरती रांगोळी चुकली तर आपले अंगण बिघडते. तेथे ‘चालते’ एवढे पुरे. परंतु ज्याला आपले काम तपासता येत नाही अशा तिसऱ्याच माणसावर ते जाऊन पडणार असेल, तर त्याच्या वतीने ‘काबर’ विचारण्याचे ओझे करणाऱ्यावर येते. पदवीधराच्या मागे निदान एक कागद उभा असतो. पुस्तकावरून शिकलेल्याच्या मागे कुणी नसते, म्हणून त्याचे ओझे अधिक. हा न्याय नव्हे, हे मला मान्य आहे. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, आणि तेव्हापासून तर दोन ओळींत मागणी केली की लिहून तयार प्रोग्रॅम देणारी यंत्रेच झाली. चांगली सोय आहे, मीही वापरतो. पण तेथेही गिरविण्याचा कागद फक्त अधिक पातळ झाला आहे.

पोराने दुरुस्त केलेला प्रोग्रॅम नेऊन दिला. मालकाच्या वहीत तोवर सगळ्या बाक्या चार आकडीच होत्या, त्यामुळे यादी जशीच्या तशी निघाली. “मग बदललं काय?” मालकाने विचारले, आणि उशिराबद्दल पाचशे रुपये कापून घेतले. पोराने ते मला हसत सांगितले. त्याच्या आईने हसत सांगितले नाही.

त्याचे मन रमावे म्हणून मी त्याला द. रा. कापरेकरांची गोष्ट सांगितली. नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ शाळामास्तरकी करणारा हा माणूस. मोठे विद्यापीठ पाठीशी नाही, आकड्यांचा नाद मात्र जबर. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा, आणि उत्तरावर तेच करीत राहा. ३५२४ घेतले तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४; आणि ६१७४वर आलात की पुढे हलणे नाही. कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले, आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून ते जगापुढे नेले.

पोराने त्याच रात्री प्रोग्रॅम लिहिला. त्यात एक खोच आहे : २१११मधून १११२ गेले की ९९९ उरतात, आणि पुढचे शून्य यंत्र बिनकामाचे म्हणून टाकून देते, ते धरून ठेव असे सांगावे लागते, नाहीतर ९९९मधून ९९९ जाऊन सगळेच शून्य. ते त्याने आधीच सांगून ठेवले होते. हजारापासून नऊ हजार नऊशे नव्याण्णवपर्यंतच्या, सारख्या अंकांच्या नऊ वगळून, ८९९१ संख्या त्याने यंत्रातून काढल्या. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तर आले : सगळ्या ६१७४वर पोचतात, फार तर सात पायऱ्यांत. एकही सुटली नाही. याहून पक्की तपासणी असू शकत नाही.

मला वाटले, आता तरी समाधान झाले असेल. तो पडद्याकडे पाहात म्हणाला, “सर, पन ६१७४च काबर?”

मी त्याला आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंकडे पाठविले. दिवाळीच्या सुट्टीत त्या माहेरी जाणार होत्या, त्यांनी गाडी एक दिवस पुढे ढकलली आहे असे कळते.