यंत्राआधी खेळ

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात साधा यंत्रमाग काढून बिनधोट्याचा शटललेस माग घ्यायचा विषय निघाला, की मागवाला नुसता वेग विचारत नाही. जुन्या मागावर निघत नाही असं कोणतं कापड नव्यावर निघेल, त्याला गिऱ्हाईक आहे का, हप्ते त्यातून फिटतील का, हे तो आधी बघतो. धोटा जाऊन रॅपिअर आला, की मोठ्या पन्ह्याचं आणि कमी दोषांचं कापड मिळतं, म्हणून त्याचा हिशेब जुळू शकतो. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या कन्सोलची, म्हणजे खेळायच्या यंत्रांची, पुढची पिढी आणण्याआधी व्हिडिओ गेमच्या धंद्यानेही हाच हिशेब मांडायला हवा.

एके काळी तो सहज जुळायचा. सपाट पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावणारा मारिओ १९९६ साली निन्टेंडो ६४ वर चौफेर मोकळा झाला. जुन्या यंत्रावर तो अनुभव मिळणं शक्यच नव्हतं. २०२० च्या प्लेस्टेशन ५ ने खेळ सुरू होण्याची ताटकळ जवळपास संपवली, चित्र रेखीव केलं. ही सुधारणा खरी आहे, पण खेळण्याची रीत तिने फारशी बदलली नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा एकच खेळ २०१३ साली प्लेस्टेशन ३ वर, २०१४ साली ४ वर आणि २०२२ साली ५ वर विकला गेला.

पूर्वी यंत्र जुनं झालं की स्वस्त व्हायचं. आता उलटं. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आलं आणि २०२२ च्या अखेरीस ५४,९९० रुपयांवर गेलं. ही किंमत झेपणार कोणाला? विट्याच्या आसपासची, खानापूर-आटपाडीकडची, सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायातली कुटुंबं देशभर पांगलेली. त्यांच्यातली चुलत-मावस भावंडं रात्री बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात एकाच टोळीत उतरतात. एक केरळात, एक पंजाबात, एक विट्यात, आणि कानातल्या हेडफोनमध्ये आवाज घुमतो, “मागं बघ की, मागं!” त्यांची खेळाची हौस कोणापेक्षाही कमी नाही. पण पन्नास हजारांचं यंत्र प्रत्येकाच्या घरी कुठून येणार? हातातला मोबाइल मात्र प्रत्येकाकडे आहे.

आपल्याकडच्या खेळ घडवणाऱ्यांचीही गोष्ट वेगळी नाही. विटीदांडू, कबड्डी, पतंग यांना कन्सोलवर जागा देणारा ‘देसी अड्डा’ हा खेळ २००९ साली आला तो प्लेस्टेशन २ वर, म्हणजे नऊ वर्षं जुन्या यंत्रावर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर झळकला. ते यंत्र २०१७ चं, ताकदीने बेताचंच. जुनं यंत्र घरोघरी पोचलेलं असतं, त्याच्या खाचाखोचा ठाऊक झालेल्या असतात. नवख्याला शिरकाव मिळतो तो तिथेच.

ताकदवान यंत्र आलं नाही तर कलाकारांची कल्पना अडून राहील, असं म्हणतात. कधी अडतेही. पण ताकदीबरोबर चित्रं सजवणाऱ्यांची फौज वाढते, खर्च फुगतो आणि एवढा पैसा गुंतला की कोणी नवं धाडस करत नाही. मग गाजलेल्या खेळाचाच पुढचा भाग निघतो. आज कल्पना अडते ती यंत्रापेक्षा या धास्तीमुळे.

म्हणून आहे ती पिढी आणखी काही वर्षं चालू द्यावी, तिची किंमत उतरवावी आणि वाचलेला पैसा लहान चमूंच्या नव्या खेळांवर लावावा. जुन्यावर घडूच शकत नाही असा खेळ कोणी समोर ठेवला, तर नवं यंत्र खुशाल काढावं. तोवर त्याची गरज विकणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्यांना नाही.