वाढत्या अंगाचं माप

आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतात. जूनमध्ये नव्या गणवेशाच्या बाह्या बोटांपर्यंत येतात आणि आई म्हणते, आता दोन वर्षं बघायला नको. हा हिशोब इतका शहाणा आहे की तो कुठे चुकेल असं वाटतच नाही. एक कपडा मात्र त्यात बसत नाही. ब्रा.

ब्रा उद्यासाठी घेता येत नाही. कप मोठा घेतला तर तो रिकामा राहून चुरगळतो. बँड सैल घेतला तर तो पाठीवर वर चढतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो. आज जे आहे, त्याचंच माप ती मागते. मी ट्रान्स स्त्री आहे, वय 28, सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि दोन वर्षं हॉर्मोन्स घेतेय. त्यामुळे माझ्यापुढे हा प्रश्न रोज सकाळी कपाट उघडताना असतो: जे शरीर अजून घडतंय, त्याला आज आधार द्यायचा, की ते ‘पूर्ण’ होईपर्यंत थांबायचं?

आधी शरीराचं बोलू. इस्ट्रोजेन सुरू झाल्यावर साधारण 3 ते 6 महिन्यांत स्तनाग्रामागे एक दुखरी, टणक चकती जाणवू लागते. वयात येणाऱ्या मुलीला जाणवते तशीच. पुढे वाढ दोन-तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त चालते. मध्येच थांबते, एक बाजू दुसरीच्या पुढे जाते. सुरुवातीच्या त्या महिन्यांत लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा लागतो, बसमध्ये कुणाचं कोपर लागतं, जिना पळत उतरताना कळ येते. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, “एवढ्यात कशाला? अजून आहे काय?” बहुतेक वेळा हे म्हणणारं आपलंच डोकं असतं.

आता अकरा-बारा वर्षांच्या मुलीचा विचार करा. तिला पहिली ब्रा किंवा स्लिप आणून देताना कुणी म्हणत नाही, की आधी पूर्ण बाई हो. तिचीही वाढ नुकतीच सुरू झालेली असते, शेवट कुठे होईल ते कुणालाच माहीत नसतं. दुखतंय, हलतंय, कपडा घासतोय, एवढं कारण पुरतं. (तिच्या बाबतीत त्या कपड्यासोबत ‘नीट झाकून बस’ असा हुकूमही येतो, आणि तो अन्याय वेगळाच.) मग तेच दुखणं मला झालं तर पात्रतेचा प्रश्न कुठून येतो? आधार ही बक्षिसासारखी मिळवायची गोष्ट आहे का?

मला वाटतं, घोळ ‘माप’ या शब्दात आहे. आपण मापाला मार्क समजतो. ‘ए’ म्हणजे काठावर पास, ‘डी’ म्हणजे डिस्टिंक्शन. प्रत्यक्षात कपचं अक्षर ही साधी वजाबाकी आहे. श्वास सोडून छातीच्या लगेच खाली टेप घट्ट धरा. मग सर्वांत भरलेल्या भागावरून सैलसर धरा. फरक 1 इंच असेल तर ए, 2 तर बी, 3 तर सी. अक्षराला एकट्याने काही अर्थच नाही: 38 ए मध्ये 32 ए पेक्षा बरंच जास्त मावतं, आणि 36 ए, 34 बी, 32 सी यांचे कप जवळपास सारखेच असतात. वजाबाकी कुणाला पास-नापास करत नाही.

आमच्यापैकी अनेकींचा छातीचा पिंजरा रुंद असतो आणि स्तन एकमेकांपासून लांब. 40 ए सहसा दुकानात मिळत नाही, कारण घेर वाढला की कपही वाढणार असं कंपन्यांनी गृहीत धरलेलं असतं. तिथे 38 बी घेऊन मागे हुक एक्स्टेंडर लावायचा. पहिल्या वर्षात तार नको, मऊ कापडाची बिनशिवणीची ब्रा बरी. मोठ्या बाजूच्या मापाने घ्यायची, लहान बाजूला काढता येईल असा पॅड. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे. इलॅस्टिक सैल होईल तसे आतले हुक वापरायचे. घरी सांगितलेलं नसेल, तर दिसू नये म्हणून क्रेप बँडेज कधीच गुंडाळू नका. जरा घट्ट स्पोर्ट्स ब्रा लपवतेही आणि सांभाळतेही. लपवावं लागणं हा त्या मुलीचा दोष नाही.

एका छोट्या दुकानात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा काउंटरमागच्या काकूंनी विचारलं, “कुणासाठी?” मी म्हटलं, “माझ्यासाठी.” त्यांनी एकदा वर पाहिलं. मग पुढचा प्रश्न: “टेप छातीच्या खाली लावली होती का वरून?” बस. त्यांना मी पटले की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या कामाला त्याची गरजच नव्हती.

पॅडचं काय? ते खोटं नाही का, असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. दुकानातल्या निम्म्या ब्रा पॅडच्याच असतात आणि त्या घेणाऱ्या बायकांना कुणी खोटारडं म्हणत नाही. तरी तिचा प्रश्न मी अगदीच झटकणार नाही. मला आरशात बरं वाटावं म्हणून पॅड घालणं वेगळं, आणि रात्री रिक्षात बसताना कुणाला शंका येऊ नये म्हणून घालावंच लागणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत प्रश्न विचारायचाच असेल तर रस्त्याला विचारायला हवा.

2014 च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की लिंग-ओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदेशीर आहे. ‘आधी पूर्ण व्हा, मग बघू’ हे तिथे नाकारलं गेलं. कायदे पुढे बदलत राहतात, त्यावर भांडणंही होत राहतील. पण ते वाक्य आपण स्वतःशी तरी म्हणायचं थांबवू शकतो.

थांबण्याच्या बाजूने एकच खरा मुद्दा आहे, पैशाचा. दर काही महिन्यांनी नवी ब्रा सगळ्यांना परवडत नाही. म्हणून एका वेळी दोनच घ्या, साध्या घ्या, आणि तीनेक महिन्यांनी पुन्हा टेप लावा. मला न होणाऱ्या, पण अजून धड असलेल्या ब्रा मी धुऊन, घडी करून एका मैत्रिणीला दिल्या. तिचा चौथा महिना चालू आहे. मोठ्या बहिणीचे कपडे धाकटीला यावेत, तशा त्या तिला अगदी बरोबर बसल्या.